चढ, उतार आणि वळण

स्मरणिका म्हटली की तिच्यात आठवणी असाव्यात, ही वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. पहाटेची घंटा, वंदनेनंतरची न्याहारी, पावसाळ्यात गळणारे जुने छप्पर आणि त्याखाली रात्री उशिरापर्यंत चालणारा अभ्यास, यांविषयी या अंकात इतरांनी आमच्यापेक्षा पुष्कळ चांगले लिहिले असेल. आम्ही काही माजी विद्यार्थी मात्र या पानांवर बारावीच्या गणितातील एका प्रकरणाविषयी लिहिणार आहोत. अवकलजाच्या साहाय्याने फलनाच्या आलेखाचा आकार ओळखणे, हा तो विषय. महाविद्यालयात मुले त्याला ‘ॲप्लिकेशन्स ऑफ डेरिव्हेटिव्ह्ज’ या नावाने ओळखतात, आणि आपल्या वसतिगृहातील विज्ञान शाखेची कितीतरी मुले नेमकी याच प्रकरणापाशी येऊन गणिताचा नाद सोडतात.

गेली काही वर्षे रविवारी सकाळी आम्ही आळीपाळीने वसतिगृहाच्या अभ्यासिकेत अकरावी-बारावीच्या मुलामुलींबरोबर बसतो. ही मुले दहावीपर्यंत आपल्या शाळेत मराठीतून गणित शिकलेली असतात. पुढे विज्ञान शाखेत गेली की पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी आणि परीक्षाही इंग्रजी. दहावीच्या निर्देशक भूमितीत ‘रेषेचा चढ’ काढण्यात तरबेज असलेला मुलगा अकरावीत ‘स्लोप’ हा शब्द ऐकतो आणि काहीतरी नवेच आले म्हणून दबकतो. चढ आणि स्लोप एकच, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांगायला हवे असे कोणाला वाटलेलेही नसते, कारण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ते उघडच असते.

मग मुले कृती पाठ करतात. डेरिव्हेटिव्ह घ्या, शून्याबरोबर मांडा, उत्तरे काढा, पुन्हा एकदा डेरिव्हेटिव्ह घ्या, ऋण आले तर मॅक्झिमम, धन आले तर मिनिमम. या मंत्राने गुण मिळतात, हे आम्ही नाकारत नाही. परंतु आकाराविषयीच्या या प्रकरणात एकही आकृती न काढता मूल पार होते, आणि नंतर एखादा प्रश्न किंचित वाकडा आला की हातात काहीच उरत नाही.

म्हणून आम्ही ‘चढ’ या शब्दापासूनच सुरुवात करतो. शब्द फार चांगला आहे. डोंगरकपारीच्या गावातून आलेल्या मुलाला चढ म्हणजे काय, हे पायांनी ठाऊक असते. पुस्तकात ‘ऋण चढ’ असे येते तेव्हा आम्ही सरळ ‘उतार’ म्हणतो. आडवे एक पाऊल पुढे गेले असता किती वर जातो, तो चढ. खाली जात असू तर उतार. सरळ रेषेला सगळीकडे एकच चढ असतो. वक्राला तसे नसते. घाटातल्या रस्त्याप्रमाणे त्याचा चढ जागोजागी निराळा. वक्रावरील एका बिंदूपाशी चढ काढायचा तर त्याच्या अगदी जवळचा दुसरा बिंदू घ्यावा, दोघांना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढावा आणि दुसरा बिंदू पहिल्याकडे सरकवत न्यावा. शेवटी जी रेषा मिळते ती स्पर्शिका, आणि तिचा चढ तोच त्या बिंदूपाशी अवकलज. फलन म्हणजे एक संख्या दिली असता ठरलेली दुसरी संख्या देणारा नियम. अवकलज हाही तसाच एक नियम आहे. फक्त तो उंची सांगत नाही, चढ सांगतो. मराठी विश्वकोशात ‘अवकलज’ हा शब्द वापरलेला आहे आणि आम्हीही तोच वापरतो. परंतु परीक्षेपुरता डेरिव्हेटिव्ह हा शब्दही जिभेवर असू द्यावा, असे मुलांना बजावतो.

आता एक उदाहरण. पहिल्या रविवारी आम्ही हेच देतो. क्ष चा घन वजा क्ष, म्हणजे क्ष³ − क्ष, याचा आलेख काढा. मुले शाळेत शिकलेल्या रीतीने कोष्टक मांडतात. क्ष उणे एक असता किंमत शून्य. क्ष शून्य असता शून्य. क्ष एक असताही शून्य. तीन ठिपके, तिन्ही एका आडव्या ओळीत. बहुतेक जण पट्टी ठेवून रेघ ओढतात. काही सावध मुले आणखी दोन किमती घेतात: उणे दोनला उणे सहा, दोनला सहा. मग त्यांचा आलेख खालून वर येतो, मध्ये पलंगासारखा सपाट होतो आणि पुन्हा वर चढतो.

आम्ही म्हणतो, आता ठिपके विसरा. त्या तीन जागी चढ काढा. अवकलज आहे ३क्ष² − १. उणे एकपाशी तो येतो दोन. शून्यापाशी उणे एक. एकपाशी पुन्हा दोन. मुले थबकतात. उणे एकपाशी वक्र चढत चढत अक्ष ओलांडतो आहे, शून्यापाशी उतरत उतरत ओलांडतो आहे आणि एकपाशी पुन्हा चढतो आहे. मग मध्ये सपाट कसे असेल? चढणारा माणूस उतरू लागला, तर वाटेत कुठेतरी माथा आलाच पाहिजे. आणि उतरणारा पुन्हा चढू लागला, तर कुठेतरी तळ. ३क्ष² − १ शून्य कुठे होतो ते पाहिले की दोन्ही जागा सापडतात: उणे ०.५७७ च्या आसपास माथा आणि ०.५७७ च्या आसपास तळ. माथ्याची उंची सुमारे ०.३८५, तळाची खोली तितकीच. पट्टीखाली दडलेली एक टेकडी आणि एक खळगा. कोष्टकातल्या ठिपक्यांनी यातले काहीच सांगितले नव्हते, आणि तरीही त्यातला एकही ठिपका खोटा नव्हता.

ठिपके कितीही घेतले तरी दोन ठिपक्यांमध्ये काय घडते ते ठिपके सांगत नाहीत. चढाचे चिन्ह ते सांगते. अवकलज धन आहे त्या पट्ट्यात आलेख वर जातो, ऋण आहे त्या पट्ट्यात खाली येतो, आणि पट्टा बदलण्याच्या जागाही आपल्याला मोजक्या गणिताने कळतात. शंभर किमती काढण्याची गरज राहत नाही.

येथे एक प्रश्न हमखास येतो. “दादा, शून्य आला म्हणजे माथा किंवा तळ असणारच ना?” नाही. नुसता क्ष चा घन घ्या. त्याचा अवकलज ३क्ष², तो शून्यापाशी शून्य होतो. पण शून्याच्या अलीकडेही तो धन आहे आणि पलीकडेही धन. म्हणजे चढण चालूच आहे. वाटेत फक्त क्षणभर सपाटी लागली. डोंगर चढणारी बाई डोक्यावरची घागर सावरायला थांबते, म्हणून काही ती माथ्यावर पोहोचत नाही. शून्याकडे पाहण्यापेक्षा शून्याच्या दोन्ही बाजूंची चिन्हे पाहावीत, हे एवढे एक मुलांच्या मनात रुजले तरी प्रकरण निम्मे झाले असे आम्ही समजतो. उलटही घडते. क्ष चे केवल मूल्य घेतले तर आलेखाला टोकदार कोपरा असतो. तळ तिथेच असतो, पण त्या बिंदूपाशी अवकलज अस्तित्वातच नसतो. पाठ केलेली कृती तिथे गप्प बसते.

यानंतरचा रविवार पुठ्ठ्याचा. प्रत्येकाला बारा सेंटिमीटर बाजूचा एक चौरस पुठ्ठा देतो. चारही कोपऱ्यांतून सारखे लहान चौरस कापायचे, बाजू वर दुमडायच्या आणि बिनझाकणाचे खोके करायचे. किती सेंटिमीटर कापले असता खोक्यात सर्वांत जास्त तांदूळ मावतील? कापलेल्या चौरसाची बाजू क्ष धरली, तर तळ १२ − २क्ष बाजूचा आणि उंची क्ष. घनफळ झाले क्ष (१२ − २क्ष)². वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून वाटीभर तांदूळ मागून आणायचे असल्यामुळे या दिवशी उपस्थिती चांगली असते. तांदूळ परत करतो, हे येथे नमूद करून ठेवतो.

एक सेंटिमीटर कापणाऱ्याचे खोके उथळ व पसरट: शंभर घन सेंटिमीटर. दोन कापणाऱ्याचे १२८. तीन कापणाऱ्याचे १०८. चार कापणाऱ्याचे ६४. पाच कापणाऱ्याच्या हाती नुसती नळी राहते: वीस. सहा कापले तर पुठ्ठाच संपतो. तांदूळ ओतून मुले हे स्वतः पाहतात. मग आम्ही अवकलज काढायला सांगतो. तो अवयव पाडून १२ (क्ष − २)(क्ष − ६) असा येतो. दोनच्या अलीकडे धन, दोन ते सहाच्या दरम्यान ऋण. तेव्हा माथा दोनपाशीच. दीडला नाही, सव्वादोनला नाही. सहाच्या पुढे हे सूत्र पुन्हा चढू लागते, परंतु बारा सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यातून सहापेक्षा मोठे दोन चौरस एका बाजूला कापता येत नाहीत. सूत्र पुढे जाते, पुठ्ठा जात नाही. कोणत्या पट्ट्यात फलनाला अर्थ आहे हे आधी ठरवावे लागते, ही गोष्ट कात्री हातात असली की समजावून सांगावी लागत नाही.

माथ्यापाशी एक गंमत आहे, तिच्यावर आम्ही बराच वेळ घालवतो. दोन सेंटिमीटरऐवजी चुकून २.१ कापले गेले तर घनफळ किती घटते? १२८ वरून १२७.७६४. पाव घन सेंटिमीटरही नाही. १.९ कापले तरी १२७.७५६. आणि चार सेंटिमीटरच्या जागी ४.१ कापले तर? ६४ वरून ५९.२०४. जवळजवळ पावणेपाच घन सेंटिमीटरची घट. कात्रीची चूक तीच, एका मिलिमीटरची. पण एका जागी तिची किंमत दुसरीच्या वीसपट. याचे कारण चढात आहे. दोनपाशी चढ शून्य, चारपाशी उणे ४८. माथ्याजवळ थोडे इकडेतिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही, हे निरीक्षण फ्रान्समधील तुलूझ येथे न्यायालयात पदावर असलेल्या फर्मा यांनी न्यूटनच्या जन्मापूर्वीच वापरले होते आणि त्यावरून माथे व तळ शोधण्याची रीत बसवली होती. लाइबनित्स यांचा १६८४ सालचा पहिला प्रसिद्ध लेख, ज्याने हे गणित जगापुढे आले, त्याच्या नावातच महत्तम आणि लघुतम हे शब्द आहेत.

आणखी जवळचे नाव हवे असेल तर भास्कराचार्य. ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ ग्रंथात त्यांनी ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे. ग्रहाच्या मध्यम स्थानात जे अंतर मिळवावे लागते, ते ज्या ठिकाणी सर्वांत मोठे असते त्या ठिकाणी त्या अंतराची वाढ शून्य होते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. खानदेशातून आलेल्या मुलांना तो पाहायला जा असे आम्ही सांगतो. यावरून कलनशास्त्र सगळे आपल्याकडेच होते असा निष्कर्ष काढू नये, असेही सांगतो. एक सूक्ष्म निरीक्षण करणे निराळे आणि कोणत्याही वक्राला लागू पडेल अशी पद्धत उभी करणे निराळे.

माथा आणि तळ येथपर्यंत बहुतेक मुले येतात. अडचण दुसऱ्या अवकलजापाशी असते. चढाचा चढ म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे येत नाही. तेव्हा आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्याचेच चढ एका ओळीत लिहून दाखवतो. क्ष शून्य ते सहा: १४४, ६०, ०, −३६, −४८, −३६, ०. ही ओळ आधी उतरत जाते आणि चारपाशी तळ गाठून पुन्हा वर येते. चारपर्यंत चढ कमी कमी होत आहे. त्या भागात आलेखाचा आकार पालथ्या वाटीसारखा. चारच्या पुढे चढ वाढतो आहे, म्हणजे घसरण सौम्य होते आहे. तिथे आकार उताण्या वाटीसारखा. द्वितीय अवकलज २४क्ष − ९६. तो चारपाशी चिन्ह बदलतो. त्या बिंदूपाशी वक्राचे वळण बदलते, म्हणून आम्ही त्याला वळणबिंदू म्हणतो. महाविद्यालयात ‘पॉइंट ऑफ इन्फ्लेक्शन’. योगायोग असा की चार सेंटिमीटर कापले असता खोके बरोबर घन होते, चार बाय चार बाय चार. हे एका वर्षी अकरावीतल्या एका मुलीने शोधून दाखवले आणि पुठ्ठा बारा सेंटिमीटरचा नसता तरी असेच झाले असते का, असे विचारले. होते. कोणत्याही चौरसाचा एक तृतीयांश कापला की खोके घन होते आणि वळणही तिथेच बदलते. सिद्धता तिनेच पुढच्या रविवारी लिहून आणली, इंग्रजीतून.

येथेही चिन्हाचाच न्याय. द्वितीय अवकलज शून्य झाला म्हणजे वळण बदललेच असे नव्हे. क्ष च्या चौथ्या घाताला शून्यापाशी तो शून्य होतो, पण वाटी उताणीच राहते.

हे सारे परीक्षेपुरते असते तर स्मरणिकेची पाने अडवण्याचे आम्हाला कारण नव्हते. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील अकरावीच्या मुलांच्या गणिताच्या चाचण्या पाहून कोणाला शाखा बदलण्याचा सल्ला द्यावा, याविषयी एक बैठक झाली. चाचणी पन्नास गुणांची, उत्तीर्ण होण्यास अठरा हवेत. तिसऱ्या चाचणीत एक मुलगा आणि एक मुलगी या दोघांनाही पंधरा गुण होते, आणि दोघांनाही कला शाखेत जाण्यास सांगावे असा सूर निघाला. कला शाखा कमी प्रतीची आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. आमच्यापैकी दोघे त्याच शाखेचे. परंतु मुलाला आणि मुलीला ती हवी होती का, हा प्रश्न वेगळा.

आम्ही फळ्यावर तिन्ही चाचण्यांचे गुण मांडले. मुलगा: ९, ११, १५. मुलगी: २७, १९, १५. एकाच उंचीवर उभे असलेले दोघे, एक चढत आलेला, एक उतरत आलेली. इतके तर कोणालाही दिसते. पण फरकही पाहा. मुलाचे फरक दोन आणि चार. मुलीचे उणे आठ आणि उणे चार. मुलाचा चढ वाढतो आहे आणि मुलीची घसरण मंदावते आहे. दोघांचेही वळण उताण्या वाटीचे. तो वाटीच्या उजव्या काठाकडे, ती तळाच्या जवळ. बैठकीत ज्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही अशा एका हुशार मुलाचे गुण होते ३६, ४१, ४३. फरक पाच आणि दोन. वर जाणारी, पण पालथी वाटी. त्याच्याकडेही जरा लक्ष असू द्यावे, असे आम्ही सुचवले.

आमच्यातील एका मित्राने त्याच वेळी जी हरकत घेतली ती योग्य होती, आणि ती येथे लिहिणे आवश्यक आहे. तीन ठिपक्यांवरून अवकलज निघत नाही. क्ष³ − क्ष चे उदाहरण आपणच मुलांना देतो. तीन ठिपके एका ओळीत येऊनही मध्ये टेकडी दडलेली असते. चाचणीतून चाचणीत प्रश्नपत्रिका अवघड-सोपी होते, कोणी आजारी असतो, कोणाच्या घरी लग्न असते. येथे हातात सूत्र नाही. आहेत ते फक्त फरक. फरकांवरून अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही. तेव्हा ठरले एवढेच की निर्णय दोन चाचण्या पुढे ढकलावा आणि दरम्यान त्या दोघांशी कोणीतरी बसून बोलावे.

मुलाला पुढे २१ आणि मग २५ मिळाले. फरक सहा आणि चार. वाढीचा वेग शेवटी थोडा कमीच झाला, पण तो विज्ञान शाखेत राहिला. मुलीशी आमच्यापैकी एक ताई बोलल्या तेव्हा कळले की तिला मागच्या बाकावरून फळ्यावरची लहान अक्षरे दिसत नव्हती. तिला चष्मा मिळाला. घसरण मंदावली होती ती मैत्रिणीची वही उतरवून घेऊ लागल्यामुळे. आलेखाने घसरणीचे कारण सांगितले नव्हते, सांगणेही शक्य नव्हते. त्याने फक्त एवढे दाखवले की या दोघांना एकच सल्ला देणे बरोबर नाही.

त्या वर्षीच्या पालक मेळाव्यात आम्ही आणखी एक तक्ता लावला. तो देशातील अनुसूचित जातींच्या साक्षरतेचा, जनगणनेतील आकड्यांचा. १९६१ साली शंभरात १०.२७, १९७१ साली १४.६७, १९८१ साली २१.३८. १९९१ साली ३७.४१, २००१ साली ५४.६९ आणि २०११ साली ६६.०७. सात वर्षे व त्यावरील लोकसंख्या धरण्याची पद्धत १९९१ पासूनची आहे, म्हणून १९८१ ते १९९१ मधली उडी आहे तेवढी मोठी समजू नये. पुढचे दोन टप्पे मात्र एकाच मापाचे आहेत. पहिल्या दशकात १७.२८ ची वाढ, दुसऱ्यात ११.३८ ची.

एका पालकांनी उठून विचारले, “म्हणजे आपण मागे पडतोय का?” प्रश्न प्रामाणिक होता आणि सभागृहात शांतता पसरली. रेषा वर जाते आहे. खाली एकदाही आलेली नाही. तिचा चढ धन आहे, पण तो कमी होतो आहे, म्हणजे वाटी पालथी झाली आहे. याचे एक कारण साधे आहे. शेकडेवारीला शंभराचे छत असते आणि छताजवळ जाणारी कोणतीही रेषा कधीतरी वाकणारच. १९९१ साली शंभरातून ६२.५९ उरले होते, त्यांतले दशकभरात सुमारे २८ टक्के भरून निघाले. २००१ साली ४५.३१ उरले होते, त्यांतले सुमारे २५ टक्के. उरलेल्या वाटेच्या मानाने पाहिले तर मंदी आहे, परंतु १७ आणि ११ हे आकडे सुचवतात तेवढी मोठी नाही. ‘वाढ मंदावली’ आणि ‘घट झाली’ ही दोन विधाने वर्तमानपत्रात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. पहिले द्वितीय अवकलजाविषयी आहे, दुसरे प्रथम अवकलजाविषयी. पहिल्याला उत्तर म्हणून जे करावे लागते ते दुसऱ्याला लागू पडत नाही.

मग त्याच तक्त्यावर आम्ही पुरुष आणि स्त्रिया यांच्या रेषा वेगळ्या रंगांत काढल्या. पुरुष: ४९.९१, ६६.६४, ७५.१७. स्त्रिया: २३.७६, ४१.९०, ५६.४६. पुरुषांच्या रेषेचे फरक १६.७३ आणि ८.५३, स्त्रियांच्या रेषेचे १८.१४ आणि १४.५६. दोन्ही वाट्या पालथ्या, पण खालची रेषा अधिक चढी आणि तिचे वाकणे कमी. दोहोंमधील अंतर २६.१५ वरून २४.७४ आणि तिथून १८.७१ वर आले. नुसत्या २०११ च्या स्तंभाकडे पाहणाऱ्याला स्त्रिया जवळजवळ एकोणीस अंकांनी मागे दिसतात आणि ते खरेच आहे. रेषांचे चढ पाहणाऱ्याला ते अंतर कोणत्या गतीने मिटते आहे तेही दिसते, आणि ती गती पहिल्या दशकात किती तुटपुंजी होती, हेही. मागच्या रांगेत बसलेल्या आजीबाईंना आकडे वाचता येत नव्हते. त्यांच्या नातीने त्यांचे बोट धरून दोन्ही रेषांवरून फिरवले.

२०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे तक्त्यावर २०११ च्या पुढचा चौकोन कोराच होता. बारावीच्या दोघी जणींना आम्ही पेन्सिलीने रेषा पुढे न्यायला सांगितले. एकीने शेवटचा चढ तसाच ठेवून स्त्रियांची रेषा पट्टीने सरळ नेली. ती २०२१ ला सत्तरच्या थोडी वर गेली. दुसरीने वाकण लक्षात घेऊन ती हाताने काढली आणि सत्तरच्या खालीच ठेवली. दोघींचा बराच वेळ वाद झाला. दोन्ही रेषा पुसायच्या नाहीत असे ठरले, आणि तो तक्ता अभ्यासिकेच्या खिडकीशेजारी अजून लावलेला आहे.